वाटणीचा निवाडा आणि देवाचा कौल

शंका : चिकोडी तालुक्यातील एका कुटुंबात थोरल्या चुलत्यांवर वाटणीचा निवाडा करण्याची जबाबदारी आली आहे. मयत भावाची पत्नी हयात नाही. मागे दोन मुलगे व एक विवाहित मुलगी आहे. मुलग्यांचे म्हणणे असे की बहिणीने हक्कसोड द्यावी, आणि ती देत नसेल तर ग्रामदैवतापुढे कौल लावून काय तो निकाल करावा. चुलत्यांचा स्वभाव तापट असल्यामुळे सगळे देवावर सोपवून मोकळे व्हावे असे त्यांनाही वाटते. कौल नाकारणे हा देवाचा अवमान ठरतो काय, आणि ठरत नसेल तर तापट माणसाने निवाडा कसा करावा, अशी पृच्छा आहे.

समाधान : कौल नाकारल्याने देवाचा अवमान होत नाही. जे काम माणसाच्या बुद्धीवर सोपवलेले आहे ते टाळण्यासाठी देवाला पुढे करणे, यातच अवमानाचा अंश अधिक आहे. या विषयात याज्ञवल्क्यस्मृतीचा व्यवहाराध्याय आणि त्यावरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही टीका एवढा आधार पुरेसा आहे. व्यवहार म्हणजे येथे दोन पक्षांतील वाद व त्याचा निवाडा. ही टीका कल्याणीच्या चालुक्यांपैकी सहाव्या विक्रमादित्याच्या राजवटीत (इ. स. १०७६ ते ११२६) लिहिली गेली, आणि ते कल्याण म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण होय. पुढे कित्येक शतके महाराष्ट्रातील व कर्नाटकातील घरांच्या वाटण्या याच टीकेच्या आधारे ठरत आल्या, त्यामुळे हद्दीचा वाद कोठेही जावो, सीमाभागातील मराठी घर आणि त्याच्या शेजारचे कन्नड घर वाटणीच्या बाबतीत एकाच शास्त्राखाली नांदत आले आहे.

याज्ञवल्क्याने पुराव्याचा क्रम स्पष्ट दिला आहे. लेख, भुक्ती म्हणजे प्रत्यक्ष वहिवाट, आणि साक्षीदार ही तीन प्रमाणे. यांपैकी एकही मिळत नसेल तरच दिव्य, म्हणजे देवतेच्या साक्षीने केलेली परीक्षा. दिव्ये पाच सांगितली आहेत, तुला, अग्नी, जल, विष आणि कोश. आणि तीही मोठ्या आरोपातच, व आरोप करणारा स्वतः हरल्यास दंड सोसण्यास तयार असेल तेव्हाच घ्यावीत असे बंधन आहे. कौलाच्या त्यातल्या त्यात जवळ जाणारे दिव्य म्हणजे कोश, ज्यात उग्र देवतेच्या स्नानाचे पाणी प्यायला देऊन १४ दिवसांत काही घोर संकट येते काय हे पाहिले जाई. ज्या काळात दिव्यावर राजाचा व प्रजेचा दोघांचाही विश्वास होता, त्या काळातही शास्त्राने ते सर्वांत शेवटी ठेवले, ही गोष्ट कौलाचा आग्रह धरणाऱ्यांनी नीट पाहावी.

आता प्रस्तुत वादात संशयास्पद असे काय आहे? जमीन भावाच्या नावावर होती हे उताऱ्यावर आहे, मुले तीन आहेत हे गावाला ठाऊक आहे, आणि मुलीचा वाटा किती हे कायद्याने ठरलेले आहे. कर्नाटकाने १९९४ मध्येच आपल्या दुरुस्तीने मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलाप्रमाणे हक्क दिला, मात्र त्याआधी विवाह झालेल्या मुली त्यातून वगळल्या. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेदही काढून टाकला, आणि ही दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. हिश्श्यांच्या बाबतीत मिताक्षरेपेक्षा आजचा कायदा कन्येला अधिक न्याय देतो हे मान्य करावे आणि तेथे कायद्याचेच ऐकावे. मिताक्षरेकडून घ्यायची ती निवाड्याची रीत. तात्पर्य, देवाला विचारावे असा प्रश्नच या घरात शिल्लक नाही. मुलग्यांना उत्तर माहीत आहे, आणि ते आवडत नाही म्हणूनच त्यांना कौल हवा आहे.

कौल लावण्याचा प्रकार जवळून पाहिला तर त्याचे बळ कोठे आहे ते कळते. पाकळ्या पाण्यात भिजवून मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या जातात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार असा संकेत असतो. कोणती पाकळी किती ओली घ्यायची, ती अंगठ्याने किती दाबायची, मूर्तीच्या गुळगुळीत भागावर लावायची की खरबरीत भागावर, हे सर्व पुजाऱ्याच्या हातात असते. आषाढातल्या दमट हवेत पाकळी लवकर सुटत नाही आणि गाभाऱ्यात पंखा चालू असेल तर पाहता पाहता सुटते. या दोन्ही वेळी देवाचे मत बदलले असे मानायचे असेल तर त्या मताला हवामानाचा अंदाज म्हणणे अधिक योग्य होईल.

याहून मोठा दोष पुढे आहे. पहिला कौल मनासारखा आला नाही की पुन्हा कौल लावायचा, दुसऱ्या वेळी दक्षिणा वाढवायची, तिसऱ्या वेळी नारळाबरोबर कोंबड्याचे किंवा बकऱ्याचे बोलून ठेवायचे, आणि ज्याच्या खिशाला हे सर्व परवडते त्याच्या बाजूने शेवटी उजवी पाकळी पडायची, ही रीत पाहिलेल्या माणसाला तिच्यात भक्ती शोधण्यासाठी फार प्रयत्न करावे लागतात. माहेरी आलेली बहीण एकटी असते, तिची भाडोत्री गाडी देवळाबाहेर उभी असते, आणि भावांचा पुजाऱ्याशी वर्षानुवर्षांचा देण्याघेण्याचा संबंध असतो. अशा कौलाला निःपक्षपाती म्हणणे हे देवाच्या नावावर खोटे बोलणे आहे. पुजारी गरीब असतो, त्याचे घर दक्षिणेवरच चालते, ही सबब नेहमी पुढे केली जाते. पण पूजेची दक्षिणा वेगळी आणि निकालाची किंमत वेगळी, हा फरक पुजाऱ्याला कळत नाही असे समजण्याचे कारण नाही.

यावर कोणी म्हणेल की निपाणीजवळच्या आप्पाचीवाडी-कुर्ली येथे हालसिद्धनाथाच्या यात्रेत भाकणूक होते आणि ती मोठा समुदाय श्रद्धेने ऐकतो, तर मग कौलच का वाईट? भाकणूक पाऊसपाण्याविषयी, पिकापाण्याविषयी, राज्यकारभाराविषयी बोलते. ती ऐकून कोणी कोणाच्या बांधाचा दगड सरकवत नाही. श्रद्धा माणसाला धीर देते तोवर तिच्या वाटेला जाण्याचे कारण नाही. दुसऱ्याचा हिस्सा काढून घेण्यासाठी तिचा उपयोग होऊ लागला की ती साधी युक्ती ठरते.

तापट स्वभावाच्या शंकेकडे वळता, निवाडा करणाऱ्याने क्रोध व लोभ टाकून व्यवहार पाहावा, ही अट याज्ञवल्क्याने व्यवहाराध्यायाच्या अगदी आरंभीच घातली आहे. परंतु थोड्याच पुढे, माया, लोभ किंवा भय यांपोटी शास्त्र सोडून निवाडा करणाऱ्या सभासदाला वादात हरणाऱ्याला होणाऱ्या दंडाच्या दुप्पट दंड सांगताना त्याने मायेचे नाव पहिले घेतले आहे. चुलत्यांना आपला तापटपणा दिसतो, कारण तो आवाज करतो. पुतण्यांवरील माया दिसत नाही, आणि या घरात धोका तिचाच अधिक आहे. राग आला तर उठून परड्यात जावे, बैठक दुसऱ्या दिवसावर टाकावी, त्याने निवाडा दूषित होत नाही. ज्याच्या हातचे रोज जेवण मिळते त्याचे म्हणणे आपोआपच पटत जाते, त्यावर मात्र असा सोपा उपाय नाही. म्हणून घराबाहेरचे, दोन्ही पक्षांना मान्य असे दोन जाणते लोक बरोबर घेऊन बसावे. मराठेशाहीत पंचांपुढे वाद चालण्याआधी दोन्ही पक्षांकडून राजीनामा, म्हणजे निर्णय मान्य करू असा लेख, घेतला जाई, आणि त्यानंतरच प्रत्येकाची तकरीर, म्हणजे लेखी म्हणणे, घेतले जाई. हा क्रम आजही घ्यावा.

बैठकीत बोलण्याची रीत याज्ञवल्क्याने जितकी बारकाईने सांगितली आहे तितकी ती आजच्या घरांत क्वचितच पाळली जाते. वादीचे म्हणणे प्रतिवादीच्या समोर लिहून घ्यावे, आणि प्रतिवादीने ते ऐकल्यावर त्याचे उत्तर वादीच्या समोर लिहून घ्यावे, असा नियम आहे. भाऊ सकाळी ओसरीवर येऊन एक सांगतात, बहीण रात्री फोनवर दुसरे सांगते, आणि चुलते दोघांनाही 'बघू' म्हणतात, यात निम्मे भांडण निवाडा करणाराच वाढवतो. एकाचे ऐकताना दुसरा समोर असला की अतिशयोक्ती आपोआप कमी होते.

आपल्यावरील आरोपाचे उत्तर दिल्याशिवाय समोरच्यावर उलट आरोप करू नये, हा दुसरा नियम. त्याला अपवाद आहे तो शिवीगाळ, मारामारी आणि साहस म्हणजे बळजोरीचा गुन्हा यांपुरता. वाटणीला तो लागू नाही. बहिणीने वाटा मागताच तिच्या लग्नाला झालेला खर्च, तिच्या नवऱ्याने दहा वर्षांपूर्वी केलेला अपमान, आईच्या आजारपणात ती किती दिवस राहिली, असा सगळा हिशेब बाहेर निघतो. तापट माणसाचा संयम सुटतो तो याच ठिकाणी, कारण एका वेळी पाच वाद ऐकावे लागतात. चुलत्यांनी पहिल्या दिवशीच सांगून ठेवावे की आज विषय जमिनीचा आहे आणि लग्नाच्या खर्चाविषयी कोणाचे काही म्हणणे असेल तर ते जमिनीचे उत्तर मिळाल्यावर वेगळे लिहून घेतले जाईल. एवढे पाळले तर राग येण्याची कारणेच निम्म्याने कमी होतील.

तिसरा नियम मिताक्षरेतला असून तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. कपाळाला घाम येणे, ओठ चाटणे, बोलताना अडखळणे, चेहऱ्याचा रंग उतरणे ही खोटे बोलणाऱ्याची लक्षणे स्मृतीने दिली आहेत. परंतु ही लक्षणे दोषाचा केवळ संभव दाखवतात, दोष सिद्ध करत नाहीत, अशी सावधगिरीची सूचना टीकाकाराने तेथेच दिली आहे. पाच पुरुषांच्या बैठकीत आयुष्यात प्रथमच वाटा मागणारी स्त्री अडखळणारच. तिच्या अडखळण्यावरून तिच्या मागणीचे मोल ठरवणारा निवाडा सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच्या टीकाकाराहूनही मागे पडेल.

सीमाभागासाठी येथे एक जोड द्यावी लागते. जमिनीचा पहाणी उतारा कन्नडमध्ये निघतो आणि घरातील बोलणे मराठीत चालते, त्यामुळे दोन्ही वाचता येणारा एखादाच मुलगा घराचा वकील होऊन बसतो. बैठकीच्या आरंभी उतारा मोठ्याने वाचून त्याचा अर्थ मराठीत सर्वांना, विशेषतः बहिणीला, सांगावा: गट कोणता, एकर-गुंठे किती, विहीर कोणाच्या नावे, सोसायटीचा बोजा किती. काय सोडायचे आहे हे ज्याला कळलेच नाही त्याने दिलेली हक्कसोड कागदावर पक्की असली तरी धर्माने पक्की नव्हे. तिने समजून उमजून, कोणाच्या दबावाविना आपला हिस्सा भावांना दिला तर त्यात गैर काही नाही. भाऊबीजेच्या ताटात साडीबरोबर ठेवलेल्या कोऱ्या कागदावरची सही मात्र ओवाळणी म्हणून खपवू नये.

शंका : निर्णय बहिणीच्या बाजूने गेल्यास पुतणे दुखावतील, म्हणून प्रत्येकाला वेगवेगळे गाठून ज्याला जसे रुचेल तसे सांगितले तर चालेल काय? शांततेसाठी बोललेले असत्य क्षम्य असते असे ऐकिवात आहे.

समाधान : चालणार नाही. ज्या शांततेसाठी तीन माणसांना तीन निर्णय सांगावे लागतात ती शांतता पहिल्या नांगरटीपर्यंतच टिकते. निर्णय सर्वांना एकत्र, एकाच शब्दांत, कारणांसह सांगावा आणि लिहून त्याची प्रत प्रत्येकाला द्यावी. सौम्यपणा आवाजात असावा, मजकुरात नको. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर निर्णय टाकून फोन बंद करून ठेवणाऱ्यांची संख्या हल्ली वाढत आहे; तो भित्रेपणा आहे, आणि ज्याचा हिस्सा कमी झाला त्याला तोंडावर विचारण्याची संधी मिळालीच पाहिजे.

शंका : निर्णय सांगण्यास अमावास्या वर्ज्य आहे काय?

समाधान : नाही. वाटणीपत्र ज्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवायचे ते अमावास्येला सहसा बंद नसते, आणि इतरांनी तो दिवस टाळलेला असल्यास रांगही लहान मिळेल.