पाहुण्याने निर्णय द्यावा काय?

परदेशी शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याची पहिली टिपणे बहुधा भेदांचीच असतात. मराठी शिकण्यासाठी महाराष्ट्रात आलेला अमेरिकन विद्यार्थी पाण्याचा पेला हाती घेताना आभार मानतो आणि यजमानीण अवघडते. घरच्या माणसाने आभार मानणे म्हणजे देण्याघेण्याचा हिशेब तिथल्या तिथे मिटवणे, असे तिला वाटते. पुढे आठवडाभरात तो कुणाचा दादा, कुणाचा भाचा होतो आणि आपल्या वहीत लिहितो की, ह्या समाजात अनोळखी असे कुणी राहतच नाही. अशा टिपणांत गैर काही नाही. प्रश्न त्यांच्या पुढचा आहे. भेदाची नोंद ही निव्वळ नोंद राहू शकते काय, आणि त्या भेदाविषयी बरेवाईट म्हणण्याचा अधिकार पाहुण्याला पोहोचतो काय?

समजा, अशी एक विद्यार्थिनी बागलाणात, मोसम नदीकाठच्या नामपूरला एका शेतकरी कुटुंबात काही महिने राहायला आली. (नामपूर मुद्दामच घेतो आहे. पुण्यात कमावलेली तिची मराठी इथे अहिराणीतल्या ‘शे’ ह्या एका क्रियापदापाशीच अडखळेल आणि मराठी संस्कृती एकजिनसी आहे ही तिची, खरे तर आपलीही, समजूत तेवढ्यानेच डळमळेल.) कांदा काढायला येणाऱ्या एका वयस्क बाईला घरातली मुले ‘मावशी’ म्हणतात. विद्यार्थिनी हरखून ते टिपून घेते. मग एके दिवशी तिच्या ध्यानात येते की, मावशीचा चहाचा कप गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असतो, आणि चहा घेतल्यावर तो मावशीच विसळून ठेवते. संबोधन आणि कप, दोन्ही एकाच अंगणातले. वहीत काय लिहायचे?

एक वाट कॅथरीन मेयो ह्या अमेरिकन बाईंनी घालून दिलेली आहे. त्यांचे ‘मदर इंडिया’ 1927 साली प्रसिद्ध झाले. गांधींनी त्याला गटारांच्या निरीक्षकाचा अहवाल म्हटले. मेयोबाईंनी दाखवलेली घाण सर्वस्वी काल्पनिक नव्हती, हे प्रांजळपणे मान्य करायला हवे. परंतु ज्यांच्याविषयी त्या लिहीत होत्या त्यांच्याशी त्यांना बोलायचे नव्हते. त्यांचा वाचक दुसरीकडे होता, आणि त्या वाचकाला इंग्रजी सत्ता योग्य वाटावी एवढाच त्या निर्णयाचा उपयोग होता.

ह्या अनुभवाने पोळलेल्या पुढच्या पिढ्यांनी दुसरी वाट धरली. ‘ही त्यांची संस्कृती आहे, निर्णय देणारे आपण कोण?’ सांस्कृतिक सापेक्षतावादाचे हे रूप विनयशील दिसते, आणि आपल्याकडील सुशिक्षितांनाही ते फार आवडते. परंतु ‘त्यांची’ म्हणजे नेमकी कुणाची? कप वेगळा ठेवणाऱ्याची संस्कृती आणि वेगळा कप विसळणारीची संस्कृती ह्या एकच आहेत असे कुणी ठरवले? मावशीला ती रीत मान्य आहे की केवळ सवयीची आहे, हे तिला कुणी विचारलेले नाही. म्हणजे विद्यार्थिनीने निर्णय स्थगित ठेवलेला नाहीच. त्या घरात ज्याचा शब्द चालतो त्याच्या बाजूने तिने मत देऊन टाकले आहे. देशीयतेच्या आपल्या चर्चेतही ही गफलत अधूनमधून डोकावते. देशी ते आपले, हे म्हणताना देशीच्या आत चाललेले भांडण आपण पाहुण्यापासून झाकतो आणि स्वतःपासूनही.

ते भांडण किती जुने आणि किती व्यापक आहे हे दाखवायला जोतीराव फुल्यांचे उदाहरण पुरेसे आहे. 1873 साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध करताना त्यांनी तो ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. जोतीराव अमेरिकेला कधी गेले नाहीत. मुक्तीनंतरही तिथल्या कृष्णवर्णीयांच्या वाट्याला काय आले, ते त्या अर्पणपत्रिकेत नाही. तरीही परक्या समाजातला भेद त्यांनी कौतुकाची वस्तू म्हणून टिपला नाही. त्याचा मापदंड करून तो स्वतःच्या समाजाला लावला. बरोबर शंभर वर्षांनी, 1973 साली, मिनियापोलिसला जन्मलेल्या गेल ऑम्व्हेट ह्यांनी बर्कलीच्या विद्यापीठात पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवरचा आपला प्रबंध पूर्ण केला. 1976 साली त्याचा ग्रंथ झाला. 1983 साली त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि 2021 साली मृत्यू येईपर्यंत त्या सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्याच राहिल्या.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. साठीच्या दशकातल्या अमेरिकन विद्यार्थी चळवळींनी ज्याला कान दिला तेच ऑम्व्हेटबाईंना इथे ऐकू आले. मग हाही परक्या मापाचाच निर्णय नव्हे काय? अंशतः होय. पण मग टॉमस पेन वाचून मानवी हक्कांचा विचार करणाऱ्या जोतीरावांनाही परके म्हणावे लागेल. माप कुठून आले ह्यापेक्षा, ज्याला ते लावले त्याला उलट बोलता येते की नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. मेयोबाईंचा निर्णय समुद्रापलीकडे सुनावला गेला. ऑम्व्हेटबाईंच्या मतांशी इथल्या कार्यकर्त्यांनी समोरासमोर वाद घातले, आणि त्या वादांना तोंड देत त्या इथेच राहिल्या. फलटणच्या मॅक्सीन बर्नसन ह्यांचे उदाहरण ह्याहून शांत आहे. त्याही अमेरिकेतून आल्या, फलटणच्या बोलीतले सामाजिक भेद त्यांनी अभ्यासले आणि ज्यांची बोली ‘अशुद्ध’ ठरते त्या मुलांना वाचायला शिकवण्याच्या कामात आयुष्य घातले. भाषाशास्त्राची नोंद इथे निर्णयापर्यंत गेली, आणि तो निर्णय मुलांवर नव्हे, शाळेवर होता.

उलट दिशेने पाहिले तर ही शंका आपण आपल्या माणसांविषयी कधी घेतच नाही, असे दिसते. पंडिता रमाबाई 1886 मध्ये, आनंदीबाई जोशी वैद्यकाची पदवी घेत होत्या त्या समारंभासाठी, अमेरिकेत पोहोचल्या. 1889 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मराठी ग्रंथात त्या देशाची मनमोकळी स्तुती आहे, आणि तिथल्या मूळ रहिवाशांवरील अन्यायावर, वर्णद्वेषावर बोटही ठेवलेले आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी 1946 साली कृष्णवर्णीयांचे नेते डु बॉइस ह्यांना पत्र लिहिले, तेव्हा त्यांनाही ‘ही अमेरिकेची संस्कृती, आपण कोण?’ असे वाटले नाही. आपला पाहुणा तिकडे निर्णय देतो तेव्हा आपण त्याला द्रष्टा म्हणतो.

नामपूरच्या विद्यार्थिनीने वही मिटून आधी मावशीपाशी जाऊन बसावे, हे खरे. मावशी कपाविषयी काय सांगेल, किंवा काहीच सांगणार नाही, ह्याचा अंदाज मी करीत नाही. पण ती उलट विचारील ते मला दिसते. तुमच्या देशात शेतात राबायला कोण येते, ते कुठून येतात, आणि दुपारी मालकाच्या घरात बसून जेवतात काय? मिनेसोटातल्या वा कॅलिफोर्नियातल्या त्या पोरीला हे ठाऊक असेलच असे नाही. त्या रात्री तिला घरी पत्र लिहून आधी ते विचारून घ्यावे लागेल.