समदुःखी हाच कल्याणमित्र



14 एप्रिल हा दिवस आपल्या हृदयावर कोरलेला आहे. त्या दिवशी वस्तीवस्तीत निळे झेंडे लागतात, विहारात वंदना होते, मिरवणुका निघतात. परंतु त्याच दिवशी देशभरच्या अग्निशमन केंद्रांत जवान मान खाली घालून उभे असतात, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' या जहाजाला आग लागली. एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा भरलेला होता. बंबवाले आग विझवीत असतानाच दुपारी चारनंतर स्फोट झाला आणि अग्निशामक दलाचे 66 जण कर्तव्यावर असताना मरण पावले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

जे गेले त्यांची आठवण वर्षातून एकदा तरी होते. परंतु जे जिवंत परत येतात त्यांचे काय? शेजारचा सोबती डोळ्यांदेखत गेला आणि आपण मात्र उरलो, हे ओझे घेऊन जो घरी येतो, त्याचे दुःख कोणी ऐकायचे?

हा प्रश्न आपल्याला परका नाही. बाबासाहेबांचा जन्म 1891 साली महूच्या लष्करी छावणीत, सुभेदार रामजींच्या घरी झाला. 1941 साली महार रेजिमेंट स्थापन झाली. आजही आपल्या कित्येक घरांत बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी गणवेशातला एक फोटो असतो. फौज, पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका, महापालिकेचे सफाई खाते, सगळीकडे आपली माणसे आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या ढिगाऱ्यांतून प्रेते काढणारे हात कोणाचे तरी होते. 2020 आणि 2021 च्या करोना साथीत, नातेवाईकही जवळ येत नव्हते तेव्हा मृतदेहांना अग्नी देणारे हातही कोणाचे तरी होते. ते हात रात्री झोपतात का, असे कोणी विचारले?

मी शाळामास्तर आहे. 'माझे बाबा' या विषयावर मुलांना निबंध लिहायला सांगितला, की बहुतेक वह्यांत सारखीच वाक्ये असतात. एका वहीत मात्र निराळे वाक्य होते. त्या मुलाचे वडील अग्निशमन दलात आहेत. त्याने लिहिले होते, "बाबा खूप शूर आहेत, पण ते रात्री दिवा मालवू देत नाहीत." त्या वाक्याखाली लाल शाईने काय लिहावे, हे मला सुचले नाही.

अशा माणसाला समाज काय देतो? एक जण म्हणतो, मर्दाने रडू नये. दुसरा म्हणतो, त्याचे नशीबच तसे होते. तिसरा पूर्वजन्मीचे पाप काढतो, आणि चौथा बाटली पुढे करतो. यांतला एकही उपाय दुःखाला हात लावत नाही. पूर्वजन्मीच्या कर्माची कल्पना बाबासाहेबांनी नाकारली आहे, आणि दारू न पिण्याची प्रतिज्ञा आपण घेतली आहे. मग आपल्या हाती उरते काय? उरतो तो धम्म. धम्माने या दुःखावर काय सांगितले आहे, ते पाहू.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. तो कोणाच्या उपयोगी पडत नव्हता, म्हणून त्याच्याकडेही कोणी पाहत नव्हते. तथागत आनंदाला घेऊन तिथे आले. त्यांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. तथागतांनी डोक्याकडून धरले, आनंदाने पायांकडून, आणि दोघांनी त्याला उचलून बिछान्यावर ठेवले. मग त्यांनी संघाला एकत्र बोलावून विचारले, की तुम्हाला इथे आईही नाही आणि बापही नाही. तुम्ही एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर दुसरे कोण करणार?

वाचकहो, हा प्रश्न जवानाला लावून पाहा. तोही आईबापांना गावी सोडून गेला होता. पलटणीत सोबती हेच त्याचे आईबाप होते. तो निवृत्त झाला, पेन्शनचे कागद हाती आले आणि त्या दिवशी त्याचा संघ मोडला. दुःख मात्र त्याच्याबरोबर घरी आले. बायकोला सांगावे तर ती घाबरेल, मुलांना सांगावे तर ती लहान आहेत. न सांगता समजणारा सोबती तर दुसऱ्या जिल्ह्यात राहतो. त्याच्या दुःखाचे अर्धे कारण हे एकटेपण आहे.

किसा गोतमीची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. जिथे कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण, असे तथागतांनी तिला सांगितले. अनित्यता शिकविण्यासाठी, असा आपण तिचा अर्थ लावतो, आणि तो बरोबरच आहे. पण ती दारोदार गेली तेव्हा घडले काय? प्रत्येक उंबऱ्यावर तिला एक समदुःखी माणूस भेटला. उपदेश तथागतांना बसल्या जागी करता आला असता. त्यांनी तिला माणसांकडे पाठविले.

पटाचारेची कथा याही पुढे जाते. पती, दोन्ही मुले, आईबाप आणि भाऊ गमावून ती वेडीपिशी झाली होती. धम्माने ती सावरली, भिक्खुणी झाली, आणि मग मुले गमावलेल्या स्त्रिया तिच्याकडे येऊ लागल्या. तिच्यामुळे शोकातून उठलेल्या स्त्रियांची वचने थेरीगाथेत आहेत. जिने पूर स्वतः पाहिला, तिच्याच हाताला धरून त्या पैलतीरी गेल्या.

आधुनिक जग याच वाटेवर आले आहे. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले अमेरिकन सैनिक 1970 साली न्यूयॉर्कमध्ये आपसांत गट करून बसू लागले आणि जे घरी बोलता येत नव्हते ते तिथे बोलू लागले. त्यांच्या या व्यथेला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात 1980 साली आजार म्हणून नाव मिळाले. पुढे थिच न्हात हान्ह या व्हिएतनामी भिक्खूंनी त्याच अमेरिकन सैनिकांसाठी ध्यानशिबिरे घेतली. ज्यांच्या देशावर बाँब पडले, तेच बाँब टाकणाऱ्यांच्या शेजारी बसले. मैत्रीचा याहून मोठा दाखला कोणता? 11 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे 343 जण गेले, तेव्हाही मागे उरलेल्यांना सावरण्यासाठी त्यांच्याच दलातील माणसे पुढे आली.

मग आपले विहार काय करू शकतात? महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या वंदनेनंतर, अशा बंधुभगिनींना तासभर एकत्र बसू द्यावे. माजी सैनिक, बंबवाले, पोलीस, परिचारिका, रुग्णवाहिकेचे चालक, स्मशानातले कामगार, ज्यांनी मरण जवळून पाहिले ते सगळे. भाषण नको, हार नको, अध्यक्षही नको. ज्याला बोलायचे तो बोलेल, ज्याला गप्प बसायचे तो गप्प बसेल. तिथे ऐकलेले तिथेच राहील. माझे दुःख मोठे की तुझे, असे मोजमाप कोणी करणार नाही. दारू पिऊन कोणी येणार नाही. पण जो व्यसनात बुडाला आहे त्याला दाराबाहेरही ठेवणार नाही. शहीदांच्या पत्नी आणि माता यांची बैठक वेगळी भरावी आणि ती त्यांनीच चालवावी.

एक गोष्ट मात्र विसरू नये. सोबती म्हणजे वैद्य नव्हे. स्वतः तथागतांनी जीवकाचे औषध घेतले होते. ज्याची झोप महिनोन्महिने उडाली आहे, त्याला डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे. ज्याच्या तोंडी जीव देण्याची भाषा आली आहे, त्याला क्षणभरही एकटे सोडू नये. त्याच तासाला डॉक्टर गाठावा. सरकारची 14416 ही 'टेलिमानस' दूरध्वनी सेवा आहे, तो क्रमांक विहाराच्या फलकावर लिहून ठेवावा. उपचार घेण्यात कमीपणा नाही.

आणि रडण्यातही नाही. तथागतांचे महापरिनिर्वाण जवळ आले, तेव्हा आनंद दाराच्या चौकटीला टेकून एकटाच रडत होता. तथागतांनी त्याला बोलावून घेतले, त्याचे सांत्वन केले आणि सर्व भिक्खूंसमोर त्याच्या सेवेची प्रशंसा केली. याच आनंदाला त्यांनी एकदा सांगितले होते, की कल्याणमित्र लाभणे हे अर्धे नव्हे, संपूर्ण श्रेष्ठ जीवन आहे.

आपल्या वस्तीतही चौकटीला टेकून कोणीतरी उभा आहे. त्याला हाक मारा. हाक मारणारा शक्यतो तो असावा, जो स्वतः कधीतरी तसा उभा होता.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.