पाळणारा, कापणारा, खाणारा

मांसासाठी प्राणी पाळणाऱ्या कुटुंबापुढचा नैतिक प्रश्न मांस विकत घेणाऱ्यापुढे त्याच रूपात उभा राहत नाही, कारण विकत घेणाऱ्याच्या वाट्याला फक्त खाणे येते आणि पाळणाऱ्याला मात्र ज्या हाताने दाणे टाकले त्याच हाताने सुरी धरावी लागते. अहिल्यानगर जिल्ह्यात अंड्यांसाठी आणि अडीअडचणीला विकण्यासाठी परसात चार कोंबड्या ठेवण्याची रीत जुनी आहे. पण घरच्या मांसासाठी म्हणून पहिल्यांदाच पिल्ले आणणाऱ्या कुटुंबाची स्थिती निराळी असते. गावरान कोंबडा कापण्याजोगा व्हायला पाच-सहा महिने लागतात, आणि मानमोडीची लस देण्यापासून रोज संध्याकाळी खुराड्यात कोंडण्यापर्यंत सगळे करता करता घरातली मुले त्याला ओळखू लागलेली असतात.

जुन्या गावगाड्याने हा पेच कामे वाटून देऊन टाळला होता. नवसाचा किंवा जत्रेचा प्राणी अनेक गावांत मुलाणी, म्हणजे बलुत्यावर हे काम करणारा मुसलमान सेवेकरी, कापत असे आणि त्याबद्दल त्याला मांसाचा वाटा मिळे. प्राणी अर्पण होई देवाला, घरचे लोक प्रसाद खात आणि वधाचे कर्तेपण कोणा एकाकडे पूर्णपणे राहत नसे. आजच्या करार पद्धतीच्या कुक्कुटपालनात हीच विभागणी व्यापाराने केली आहे: पिल्ले आणि खाद्य कंपनीचे, शेड आणि मेहनत शेतकऱ्याची, आणि सुमारे चाळीस दिवसांनी दोन किलोचा झालेला पक्षी गाडीत चढला की पुढचे कोणी पाहत नाही.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात अनुमती देणारा, मारणारा, विकणारा, विकत घेणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा अशा सर्वांनाच घातक, म्हणजे वध करणारे, म्हटले आहे, जरी त्याच अध्यायात यज्ञातल्या वधाला मुभा आहे. या मुभेच्या मुळाशी असलेल्या विचाराला, म्हणजे उद्देश पवित्र असेल तर हिंसा ही हिंसा राहत नाही या पूर्वमीमांसेतल्या (वैदिक कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या दर्शनातल्या) युक्तिवादाला, इ. स. 1290 मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्याच नेवाशात प्रवरेकाठी सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात सविस्तर उत्तर आहे. तिथे औषधासाठी झाडे-प्राणी मारणाऱ्या वैद्यकालाही सोडलेले नाही. ज्ञानेश्वरांची अहिंसा आधी मनात असते आणि मग चालण्यात, बोलण्यात, पाहण्यात आणि हाताच्या स्पर्शात उतरते.

म्हणून कोंबडा कापणाऱ्या कुटुंबाला ज्ञानेश्वरांचा आधार घेता येणार नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. माया लावून वाढवला या कारणाने वध निर्दोष ठरत नाही. तरीही त्यांची कसोटी अशा घरालाही लागू पडते, कारण हिंसा सुरीच्या क्षणापुरती नसते: दाटीचे खुराडे, उन्हाळ्यात कोरडे पडलेले पाण्याचे भांडे, पाय बांधून सायकलच्या हँडलला उलटा टांगलेला पक्षी, या सगळ्यांत ती आधीच घडत असते आणि ती टाळणे पूर्णपणे पाळणाऱ्याच्या हाती असते. वध स्वतः करणारे घर मनूच्या यादीतल्या बहुतेक भूमिका एकट्याने पत्करते. हे ओझे जड आहे, पण दुसऱ्यावर ढकलण्यापेक्षा ते अधिक प्रामाणिक आहे. ज्या घराला ते पेलवत नाही, त्याने कोंबड्या अंड्यांसाठी ठेवाव्यात आणि मांसासाठी पिल्लांची दुसरी खेप आणू नये.