आबांचा पूर्वी स्टार आणि नाथांची शुद्ध प्रत



आज भाद्रपद वद्य षष्ठी, म्हणजे ज्ञानेश्वरी जयंती. सकाळी आपल्या ग्रुपवर शुभेच्छांचा पाऊस पडला आणि दोघातिघांनी लिहिलं की आजच्या दिवशी माउलींनी ज्ञानेश्वरी लिहून पूर्ण केली. तसं नाहीये. माउलींचा ग्रंथ शके १२१२ चा, म्हणजे इ.स. १२९० चा. आजची तिथी आहे ती संत एकनाथांची. जवळजवळ तीनशे वर्षांत हातोहात नकला होत गेल्या, शब्द बदलले, कुणी आपल्याही ओव्या घुसडल्या. नाथांनी प्रती मिळवल्या, ताडून पाहिल्या, आणि शके १५०६ मध्ये, इ.स. १५८४ साली, पैठणला गोदावरीकाठी शुद्ध प्रत तयार केली. आपण जयंती साजरी करतो ती एका दुरुस्तीची. मला हे फार आवडतं.

आजचं चिंतन मात्र गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ४७ व्या श्लोकावर आहे. हो, तोच, सगळ्यांना पाठ असलेला. कर्मावर तुझा अधिकार, फळावर नाही. मी स्वतः यावर इथे तीनदा तरी लिहिलंय, आणि आता वाटतं की तिन्ही वेळा थोडं सोपं करून लिहिलं. कारण गेल्या वर्षी हाच श्लोक आमच्या घरात अडकून बसला होता आणि मला त्याचं उत्तर देता येत नव्हतं.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणतो, सैन्यात ड्रायव्हर होते. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. तिकडे घरटी एक फौजी असतो, त्यामुळे त्याचं कुणाला फार अप्रूप नाही. १९७१ च्या युद्धात आबा बंगालच्या सीमेवर बालुरघाटच्या बाजूला होते, शक्तिमान ट्रकमधून दारूगोळा आणि रेशन पोचवायचे. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. म्हणजे गोष्ट अशी नाहीच ती, दोन-तीन वाक्यं आहेत. "रात्री दिवे बंद ठेवून गाडी चालवायची. पुढच्या गाडीच्या मागं एक पांढरा ठिपका असायचा, त्याच्याकडं बघत जायचं." एवढंच.

गेल्या वर्षी पेन्शनच्या काही कामासाठी मी त्यांचं डिस्चार्ज बुक स्कॅन करत होते. पदकांच्या पानावर नजर गेली. संग्राम मेडल लिहिलेलं होतं. पूर्वी स्टार नव्हता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. १९७१ साठी तीन पदकं निघाली. पूर्व आघाडीवर होते त्यांना पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीवर होते त्यांना पश्चिमी स्टार, आणि संग्राम मेडल हे त्याहून व्यापक, नुसतं ते असल्याने माणूस पूर्वेला होता असं ठरत नाही. म्हणजे आबांचं पुस्तक म्हणत होतं की हा माणूस १९७१ मध्ये सैन्यात होता खरा, पण तिकडे नव्हता.

कारण नंतर कळलं, अगदीच साधं. आबांची मूळ युनिट दुसरीकडे होती आणि ते काही महिन्यांसाठी अटॅचमेंटवर पूर्वेला गेले होते. तेव्हा सैन्यात जवानाच्या बाबतीत जे काही घडायचं, बदली, रजा, लग्न, पदक, ते 'पार्ट टू ऑर्डर' नावाच्या कागदावर छापून रेकॉर्ड ऑफिसला जायचं आणि तिथे त्याच्या शीट रोलवर चढायचं. आबांच्या अटॅचमेंटचा हा कागद कधी निघालाच नाही. एका युनिटला वाटलं दुसरी काढेल, दुसरीला वाटलं पहिली काढेल. आपल्या ऑफिसात होतं तेच की.

मी तावातावाने म्हणाले, "आबा, आपण अर्ज करू."

आबा म्हणाले, "जाऊ दे बाळा. काम केलं, झालं. फळाची आशा कशाला?"

आता बोला! श्लोक माझाच, आणि माझ्यावरच उलटलेला. ऐंशीकडे झुकलेला माणूस, रोज हरिपाठ म्हणणारा, मला निष्काम कर्म समजावतोय. त्याला मी काय सांगणार, की नाही आबा, तुम्ही पदक मागा? आणि खरं सांगू का, माझ्या मनात तेव्हा काय होतं? फ्रेम. दिवाणखान्यातली भिंत, त्यावर ते पदक, आणि त्याचा फोटो. कॅप्शनसुद्धा सुचलं होतं. तेव्हा मी गप्प बसले, आणि मनात म्हटलं, आबा माझ्यापेक्षा पुढे आहेत.

तीन-चार महिन्यांनी आबांचा फोन आला. ते स्वतःहून कधी फोन करत नाहीत. म्हणाले, "तो अर्ज लिही."

झालं होतं असं. आबांच्या पुढच्या गाडीत त्यांचा एक सोबती होता, माण तालुक्यातला. रस्त्यात सुरुंगावर ती गाडी गेली. १९७२ मध्ये रजेवर आल्यावर आबा त्याच्या घरी गेले होते आणि त्याच्या आईला सांगून आले होते की मी मागच्या गाडीत होतो, त्याला त्रास झाला नाही, लगेच गेला. ती माउली त्या एका वाक्यावर पुढची कितीतरी वर्षं जगली. आता तिच्या घरातल्या नव्या पिढीने गावात त्याच्यासाठी एक छोटा फलक लावायचं ठरवलं आणि माहिती गोळा करायला एक मुलगा आबांकडे आला. चांगला मुलगा, पद्धतशीर. त्याने सगळं लिहून घेतलं आणि सहज विचारलं, "आजोबा, तुम्ही तिथं होता याचा काही कागद आहे का?" आबांनी डिस्चार्ज बुक दाखवलं. त्याने पानं चाळली, काही बोलला नाही, पुस्तक परत दिलं.

"काही बोलला न्हाई पोरगं," आबा म्हणाले. "पण मला कळलं त्याला काय वाटलं ते."

मंडळी, इथे मला श्लोक पुन्हा वाचावा लागला. फळ म्हणजे नक्की काय? पदक हे फळ आहे, मान्य. मान, टाळ्या, २६ जानेवारीला पहिल्या रांगेतली खुर्ची, हे सगळं फळ. पण 'मी तिथं होतो' हे फळ कसं असेल? ते तर कर्मच आहे. फळ मिळो न मिळो, कर्म घडलं होतं की नव्हतं हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर कागदावर चुकीचं लिहिलेलं होतं. त्या चुकीचा भार आबांवर नव्हता पडला, तो पडला होता १९७२ मध्ये एका आईला दिलेल्या शब्दावर.

आणि दुसरी गोष्ट. फळाचा त्याग कोण करू शकतो? ज्याचं फळ आहे तो. ऑफिसातल्या चुकीने कुणाचं काही राहून गेलं तर त्याला वैराग्य म्हणत नाहीत. देणाऱ्याने हात आखडायचा आणि घेणाऱ्याला निष्काम कर्माचा उपदेश करायचा, हे आपल्याकडे फार चालतं. घरात आईच्या बाबतीत चालतं, कंपनीत ज्युनियरच्या बाबतीत चालतं. तो श्लोक अर्जुनाला सांगितलाय, हिशोब ठेवणाऱ्या कारकुनाला नाही.

त्याच श्लोकाचा चौथा चरण आपण बहुतेक वेळा खाऊन टाकतो. फळाची आसक्ती नको, तशी काहीच न करण्याचीही आसक्ती नको, असं तिथेच लगेच म्हटलंय. आबांचं पहिलं 'जाऊ दे' किती वैराग्याचं होतं आणि किती दमल्याचं, हे त्यांनाच माहीत. मी विचारलं नाही. माझं गप्प बसणं मात्र आळसाचं होतं, हे मला माहीत आहे.

तर अर्ज. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या एका साहेबांनी काय काय लागेल ते नीट समजावून दिलं. डिस्चार्ज बुकची प्रत, पीपीओ, ओळखपत्र, प्रतिज्ञापत्र, आणि तिथे असल्याचा काहीतरी पुरावा. पुरावा कुठून आणायचा? शेवटी आजीची काळी ट्रंक उघडली. आजी जाऊन सहा वर्षं झाली. तिला वाचता येत नव्हतं, आबांची पत्रं ती शाळेतल्या गुरुजींकडून वाचून घ्यायची, पण एकही टाकलं नव्हतं तिने. नोव्हेंबर १९७१ च्या एका पत्रावर पाठवणाऱ्याचा पत्ता होता, 'मार्फत ९९ एपीओ'. सैन्याची टपालं दोन पत्त्यांवर फिरतात, ५६ एपीओ आणि ९९ एपीओ. ५६ चं टपाल दिल्लीमार्फत जातं, ९९ चं कोलकात्यामार्फत, पूर्वेकडच्या युनिट्सना. पत्रात बातमी काहीच नव्हती. म्हशीचं काय झालं, विहिरीला पाणी आहे का. पण वर ९९ लिहिलेलं होतं आणि शिक्क्यावर तारीख होती.

माजी सैनिकांच्या ओळखीओळखीतून त्या वेळचे एक अधिकारीही सापडले, वयाने खूप थकलेले. त्यांनी थरथरत्या हाताने अर्ध्या पानाचा दाखला लिहून दिला.

मग मी मसुदा लिहिला, आणि तो जरा सजवला. 'शत्रूच्या भडिमारात प्राणांची पर्वा न करता' वगैरे. आबांना फोनवर वाचून दाखवला. ते म्हणाले, "भडिमार कुठं झाला आमच्यावर? सुरुंग होते. सुरुंग लिही. आणि प्राणांची पर्वा लई होती." ते वाक्य गेलं. मग मला म्हणाले, "आणि त्या पानावर ते जम्मू-काश्मीरचं लिहिलंय बघ, ते काढायला सांग."

मी पान पुन्हा पाहिलं. सैन्य सेवा मेडल आणि त्याच्यापुढे जम्मू-काश्मीरचा क्लास्प, म्हणजे त्या मेडलच्या रिबनवर लावायची पट्टी, जिथे सेवा केली त्या भागाच्या नावाची.

"आबा, हे तर मिळालेलं आहे."

"मी कधी गेलो न्हाई तिकडं. दुसऱ्या कुणाचं चुकून चढलंय."

मी समजावलं. आपण एक मागतोय आणि त्याच अर्जात दुसरं चुकीचं आहे म्हणून सांगितलं तर केस कमजोर होईल. सगळंच रेकॉर्ड संशयास्पद आहे म्हणतील. आधी स्टार येऊ दे, ते नंतर बघू. मला वाटतं कुठल्याही वकिलाने हाच सल्ला दिला असता.

आबा म्हणाले, "मंग त्यो पोरगा पुन्हा आला तर त्याला कुठलं पान दाखवू?"

मी खूप दिवस विचार करत होते की 'मला सत्य हवंय' आणि 'मला मान हवाय' यात फरक ओळखायचा कसा, कारण आतून दोन्ही सारखंच वाटतं. मान मागणारा प्रत्येक जण सत्यच मागतोय असं म्हणतो. मीही म्हणत होते, भिंतीवरची फ्रेम डोळ्यांसमोर ठेवून. आबांनी ते एका फोनमध्ये उलगडलं आणि त्यांना ते कळलंही नाही. दुरुस्तीत माझं काही जाणार असेल तरी मी तितक्याच घाईने अर्ज लिहीन का? माझं प्रामाणिक उत्तर होतं, नाही. मी ते नंतर बघू म्हणाले होते.

नाथांची आठवण मला याच वेळी झाली. शुद्ध प्रत करताना त्यांच्यापुढे केवढा मोह असेल! स्वतः इतके मोठे कवी, हातात माउलींचा ग्रंथ, मधेच एखादी ओळ पडलेली. आपली सुंदर ओवी तिथे बसवली असती तर कोण ओळखणार होतं? त्यांनी भलतं होतं ते काढलं, आपलं काही घातलं नाही, आणि पुढच्यांनाही ताकीद देऊन ठेवली की यात कोणी आपली ओवी घालू नये. भक्ती म्हणजे गोडवा, अश्रू, टाळ-मृदंग एवढंच मला वाटायचं. दोन प्रती शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडत बसणं हीही भक्ती असू शकते, हे आज सकाळी ग्रंथाला फूल वाहताना जरा जास्त जाणवलं.

अर्जात दोन मुद्दे गेले. एक घालण्याचा, एक काढण्याचा. पहिलं उत्तर आलं दोन ओळींचं, की नोंदीत असं काही आढळत नाही. ते आम्हालाही माहीत होतं, म्हणूनच तर अर्ज होता! पुन्हा कागद पाठवले, पत्राची प्रत आणि दाखला वर ठेवून. मग बरेच महिने काहीच नाही. मी पोर्टल बघायचे, आबा विचारायचे नाहीत.

गेल्या महिन्यात पत्र आलं. पूर्वी स्टारची नोंद घेतली गेली आहे, पदक यथावकाश पाठवण्यात येईल. मी गावी गेले होते, मीच वाचून दाखवलं. आबांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग शर्ट बदलला, मला दोन झेरॉक्स काढून आणायला पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने एकटे माणला गेले. मी सोडायला येते म्हटलं तर नको म्हणाले. संध्याकाळी परत आले. त्या मुलाने फलकावर सोबत्याच्या नावाखाली बालुरघाट लिहायचं ठरवलंय, एवढं सांगितलं. आणि त्यांच्याकडे जेवायला काय होतं तेही सांगितलं.

पदक अजून आलेलं नाही. त्याला एक रुपयाही जोडलेला नाही, त्यामुळे कुणाला घाईही नाही. परवा आबांचा फोन आला.

"ते जम्मू-काश्मीरचं काय झालं? पत्रात काही लिहिलं न्हाई त्यांनी."

खरंच नव्हतं लिहिलं. स्टार घातला, क्लास्प तसाच राहिला. त्यामुळे आज पारायण झालं की मला दुसरा अर्ज टाइप करायचा आहे.

जय हरी.