सुरीच्या आधीचा प्रश्न

मांस हलाल आहे की नाही, हा प्रश्न आपल्या घराघरांत विचारला जातो आणि तो विचारलाच पाहिजे. जबह करणारा कोण होता, अल्लाहचे नाव घेतले गेले काय, सुरीला धार होती काय, एका जनावराच्या डोळ्यांदेखत दुसरे तर कापले नाही ना? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रत्येक कामात एहसान बाळगण्याची शिकवण दिली आणि तिचे उदाहरण म्हणून जबहचाच प्रसंग सांगितला. परंतु सुरीचा प्रसंग काही क्षणांचा असतो. जनावराचे आयुष्य त्याआधी कित्येक महिने, कित्येक वर्षे चाललेले असते. ते सुखाने जाणार की यातनेत, याचा बराचसा निर्णय ते जन्माला येण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. कोणत्या गाईला कोणता वळू द्यायचा, हे माणूस ठरवतो तेव्हाच तो होतो. या निर्णयाला एहसानचा नियम लागू होतो काय?

महाराष्ट्रात गाय-बैलांची कत्तल कायद्याने बंद आहे, तेव्हा मांसासाठी गुरे पोसण्याशी आपला काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. पण आपली मुले, भाऊ, जावई आखाती देशांत आहेत, युरोपात आहेत; तेथे त्यांच्या ताटात हेच मांस येते. शिवाय प्रश्न एका जनावराचा नाही. सृष्टीतील जीव माणसाच्या स्वाधीन केला गेला, तर त्या अमानतीची सीमा कोठपर्यंत, हा तो प्रश्न आहे.

बेल्जियमचे उदाहरण घ्या. तेथील 'बेल्जियन ब्ल्यू' या जातीच्या गुरांच्या मांड्या व पुठ्ठे पाहिले तर पाहणारा थक्क होतो. स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारा जो घटक प्रत्येक प्राण्याच्या शरीरात असतो, तो या गुरांत निकामी झालेला आहे. मायोस्टॅटिन नावाच्या त्या घटकाच्या जनुकातला हा बिघाड शास्त्रज्ञांनी १९९७ साली शोधून काढला. पैदासकारांना जनुक ठाऊक नव्हते तेव्हाही त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या असेच वळू निवडले, कारण अशा जनावरापासून मांस अधिक मिळते, त्यात चरबी कमी असते आणि खाटीक चांगला भाव देतो. परिणाम असा की वासरू आईच्या वाटेतून बाहेर येईनासे झाले. आज या जातीतील दहांपैकी नऊहून अधिक वासरे गाईची कूस चिरून काढावी लागतात. हा अपघात नव्हे, तेथील नित्याची रीत आहे. तीच गाय पुढच्या वेतालाही पुन्हा शस्त्राखाली जाते. शेतकरी निर्दयी नसतो, डॉक्टर कुशल असतो, जागा बधिर केलेली असते, आणि हिशेबात शस्त्रक्रियेचा खर्च भरून निघतो. म्हणूनच हे उदाहरण अवघड आहे. येथे कोणाच्या हातात चाबूक नाही.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा एक धागा जुना आहे. सूरह अन्-निसामध्ये अल्लाहच्या निर्मितीत फेरबदल करण्यास सैतान माणसाला प्रवृत्त करील, असा इशारा आला आहे. काही भाष्यकारांनी त्याचा अर्थ जनावरांचे खच्चीकरण असा घेतला, तर काहींनी अल्लाहच्या दीनमध्ये फेरबदल असा घेतला. हनफी विधिज्ञांनी मात्र खरा लाभ असेल तर जनावराचे खच्चीकरण वैध मानले. म्हणजे निवड करणे, जोपासना करणे, जनावर आपल्या कामी आणणे यांना सरसकट मनाई नाही. माणसाने हजारो वर्षे गुरे निवडूनच पोसली आहेत. प्रश्न निवडीचा नसून निवडीच्या मापाचा आहे.

या मापाचा विचार करताना मला दक्षिण आफ्रिकेतील यान बोन्स्मा या पशुशास्त्रज्ञाचे काम महत्त्वाचे वाटते. त्या देशाच्या उत्तरेकडील उष्ण, काटेरी माळरानावर इंग्रजी जातींची देखणी गुरे आणली गेली होती. ती उन्हाने धापा टाकीत, गोचिडांनी बेजार होत आणि त्यांच्या गाई वेळेवर गाभण राहत नसत. १९३७ च्या सुमारास मारा येथील सरकारी केंद्रावर या संकराच्या कामाला सुरुवात झाली. बोन्स्मा यांनी गुरांच्या शरीराचे तापमान मोजले, कातडीची जाडी मोजली. अंगावरचे केस ओले करून चोळल्यावर त्यांचा नमदा होतो की ते सुटेच राहतात, हेसुद्धा त्यांनी पाहिले. लोकरीसारख्या केसांचे जनावर त्या हवेत टिकत नाही, असे त्यांना आढळले. तेथील 'आफ्रिकानर' गुरांशी हिअरफर्ड व शॉर्टहॉर्न यांचा संकर करून जी जात तयार झाली, तिच्यात पाच अष्टमांश रक्त स्थानिक ठेवले गेले. शास्त्रज्ञाचे नाव आणि केंद्राचे नाव जोडून ती 'बोन्स्मारा' म्हणून ओळखली जाऊ लागली.

पण त्यांची मला सर्वांत उद्बोधक वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. वांझोटी किंवा क्वचित विणारी गाय दिसायला फार छान असते, हे त्यांनी दाखवून दिले. तिच्या अंगावर मांस चढलेले, मान व खांदे बैलासारखे भरलेले, कांती तकतकीत. कारण उघड आहे: तिने वासरू पोटात वाढवलेले नाही की दूध पाजलेले नाही. दरसाल विणारी गाय तिच्या शेजारी उभी केली तर रोडावलेली वाटते. प्रदर्शनात बक्षीस पहिलीला मिळे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील शॉर्टहॉर्न जातीच्या 'डचेस' घराण्याच्या गाईंबाबत हेच घडले. त्यांचे कूळ शुद्ध राखण्यासाठी जवळच्या नात्यातच संकर होत राहिला. १८७३ साली न्यूयॉर्क राज्यातील एका लिलावात त्यांतील एका गाईला ४०,६०० डॉलर किंमत आली. मात्र या घराण्यात वासरेच होईनाशी झाली होती आणि पुढे ते संपले. सूरह अन्-नहलमध्ये गुरांच्या सौंदर्याचा उल्लेख येतो, पण तो सकाळी चरायला निघालेल्या आणि सायंकाळी परतणाऱ्या कळपाचा आहे. चालणाऱ्या पायांचे, भरल्या कासेचे ते सौंदर्य.

मग सगळेच पैदासकार जननक्षमता पाहून निवड का करीत नाहीत? कारण ती संथ वाट आहे. गाईचा गर्भकाळ साधारण २८३ दिवसांचा. दरसाल वासरू हवे असेल तर व्याल्यानंतर सुमारे ८२ दिवसांत तिने पुन्हा गाभण राहिले पाहिजे, तेही वासराला पाजत असताना. ही क्षमता चारा, हवा, आरोग्य या सर्वांवर अवलंबून असते. गाई-गाईंमधील फरकात आईबापाकडून आलेला वाटा सहसा दहा टक्क्यांहूनही कमी असतो. अंगावरच्या मांसाचा वाटा याच्या कितीतरी पट असतो, म्हणून ते दोन-तीन पिढ्यांत डोळ्यांना दिसते. जननक्षमतेसाठी वर्षानुवर्षे नोंदी ठेवाव्या लागतात आणि शेजाऱ्याचे जनावर आपल्याहून वजनदार झालेले सोसावे लागते. सब्र हा शब्द आपण संकटांसाठी राखून ठेवतो. गोठ्यातही तो लागतो.

येथे एक आक्षेप मला टाळता येत नाही. बोन्स्मा यांच्या पद्धतीत जी गाय गाभण राहत नाही, तिची रवानगी कत्तलखान्यात होते. ही दया कसली? शिवाय सुलभ विणारी गाय मालकाला खर्चात वाचवते, म्हणजे त्याचा स्वार्थच साधतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. स्वार्थ आणि जनावराचे हित एका वाटेने जात असतील तेव्हा माणसाच्या नियतची परीक्षा होतच नाही. ती होते बेल्जियममध्ये, जेथे हिशेब एक सांगतो आणि गाईची चिरलेली कूस दुसरे सांगते. गाईला विता येणे, वासराला उठून उभे राहता येणे, चरत चालता येणे, हे त्या जिवाला त्याच्या निर्मात्याने दिलेले आहे. त्याचा उपयोग करण्याची परवानगी आपल्याला आहे. किलोच्या भावासाठी ते त्याच्या वंशातून काढून घेण्याची परवानगी आहे, असे मला वाटत नाही.

असे मांस हराम ठरते काय? मी मुफ्ती नाही, आणि जबह योग्य झाले असेल तर ते हराम म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण कुरआनने हलालच्या सोबतीला तय्यब हा शब्द ठेवला आहे, आणि त्या दुसऱ्या शब्दाविषयी आपण दुकानदाराला कधी काही विचारीत नाही.

कुर्बानीच्या जनावरात उघड काणेपणा, उघड आजार, उघड लंगडेपणा आणि हाडे उरलेला अशक्तपणा नसावा, असे हदीसमध्ये आले आहे. डोळे, प्रकृती, पाय, अंगातली ताकद: सारी मापे जगण्याची आहेत. तरी ईदच्या बाजारात आपण शिंगांचा डौल आणि काट्यावरचे वजन यांवरच बोलत राहतो. गेल्या बकरी ईदला मी एका धनगराला त्याच्या उस्मानाबादी बोकडाच्या आईबद्दल विचारले. तो आधी गोंधळला. मग म्हणाला, "चाचा, हे आजवर कुणी इचारलं न्हाई." आणि गिऱ्हाईक खोळंबलेले असताना तो मला सांगत बसला: ती शेळी काळी आहे, तिला तीन वेळा जुळी झाली, एकदाही अडली नाही, आणि ती त्याने विकायला आणलेली नाही.