रक्तातील ओढ

“त्याचे वडील ओढीत, आजोबा ओढीत, ते रक्तातच आहे,” असे धूम्रपान करणाऱ्याविषयी आपण सहज बोलून जातो. या उद्गारात कधी क्षमा असते, कधी निराशा. परंतु ओढ जर खरोखरच जन्मतः लाभलेली असेल, तर ती न सुटल्याचा दोष माणसाला द्यावा काय?

१९५० साली रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनमधील रुग्णांच्या अभ्यासातून धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. थोर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांना धूम्रपान हे कर्करोगाचे कारण आहे, हे पटले नाही. १९५८ साली त्यांनी जुळ्या भावंडांच्या आकडेवारीचा आधार घेऊन सुचविले की, धूम्रपानाची आवड व कर्करोग ही दोन्ही एकाच आनुवंशिक कारणाची फळे असू शकतील. फिशर स्वतः पाइप ओढीत आणि तंबाखू उत्पादकांचे सल्लागारही होते.

अर्ध्या शतकानंतर, २००८ साली, पंधराव्या गुणसूत्रावरील काही जनुकांचा निकोटिनच्या अवलंबित्वाशी असलेला संबंध उजेडात आला. मेंदूतील ज्या ग्राहकांवर निकोटिन काम करते, त्यांची घडण ही जनुके ठरवितात. यकृतातील एका विकराचे जनुकही महत्त्वाचे आहे. ज्यांच्या शरीरात निकोटिनचे विघटन झपाट्याने होते, त्यांना पुढची सिगारेट लवकर हवीशी वाटते व व्यसन सोडणे अधिक जड जाते. अवलंबित्वाच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्याचा सुमारे निम्मा भाग आनुवंशिक असल्याचे जुळ्यांचे अभ्यास सांगतात.

म्हणजे फिशर यांचे म्हणणे अंशतः खरे ठरले. परंतु त्यांचा निष्कर्ष टिकला नाही. ज्याने सिगारेट कधी ओठांना लावली नाही, त्याच्या बाबतीत ते जनुक बहुतांशी मुकेच राहते. १९४८ साली ब्रिटनमधील सुमारे ८० टक्के पुरुष तंबाखू ओढीत; आज सातांतील एकही धड ओढीत नाही. एवढ्या काळात जनुके बदलत नसतात. बदलले ते ज्ञान, कायदे, कर आणि लोकांचे मन. डॉल यांनीही आपल्याच संशोधनाने सावध होऊन धूम्रपान सोडले होते.

तेव्हा आनुवंशिकता ही सबब होऊ शकत नाही. मात्र ती आपल्या न्यायबुद्धीला नम्र करते. एकाने सिगारेट पहिल्याच प्रयत्नात सोडली, दुसरा पाच वेळा सोडून पुन्हा ओढू लागला. पहिल्याला आपण निग्रही म्हणतो, दुसऱ्याला दुबळा. कदाचित दुसऱ्यानेच अधिक बळ खर्चिले असेल. त्याच्या वाट्याचे ओझेच मुळात जड असेल.

आणि केवळ भयाने निश्चय बळावत नाही. जनुकीय धोक्याची माहिती दिल्याने लोकांच्या वर्तनात फारसा फरक पडत नाही, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात दिसून आले. उपयोगी पडतात ती योग्य औषधे, समुपदेशन आणि जवळच्यांची साथ.

म्हणून, वाचकहो, घरातील कोणी पुन्हा अपयशी ठरला, तर “तुझ्याने होणारच नाही,” असे म्हणू नये. पुढचा प्रयत्न केव्हा करायचा आणि या खेपेस सोबतीला कोण असणार, एवढेच विचारावे. सोडण्याचे कष्ट त्याचेच आहेत. ते एकट्याने सोसावे लागू नयेत, हे मात्र आपल्या हाती आहे.