सुतारानं पाडलेली भोकं

आमच्या बांधावर आज्यानं लावलेला रायवळ आंबा होता. त्याच्यावर सुतार पक्षी यायचा. सोनेरी पाठ, डोक्यावर लाल तुरा. शेपटीचा टेकू देऊन खोडाला उभा चिकटायचा आणि ठकठक सुरू. सालीच्या ढलप्या खाली पडायच्या. मी तेव्हा विशीतला. दहावीनंतर शाळा सुटलेली, हातात औत आलेलं, आणि झाड आपलं आहे याचा माज. एक दिवस बेचकीनं त्याला पाडलं. वडील एवढंच म्हणाले, "भोकं दिसली तुला. आत बघितलंस का?"

दोन वर्षांत ती फांदी वाळली. कुऱ्हाड घातली तर आत बोट जाईल एवढे बोगदे आणि भुशात जाड पांढऱ्या अळ्या. भिरूड. साल वरून धडधाकट, आतून लाकूड पोखरलेलं. पाखरू ठोकून, कानोसा घेऊन तेच हुडकत होतं.

तेव्हापासून मला त्याची हळहळ वाटते. पण एक गोष्ट अजून टोचते. आत भिरूड निघाली नसती तर? लाकूड निरोगी असतं, तर मला पाखराची आठवण तरी राहिली असती का? म्हणजे माझा पश्चात्ताप जिवाचा नव्हता, तोट्याचा होता.

लोक सुताराला झाडाचा डॉक्टर म्हणतात. मला ते पुरतं पटत नाही. तो पोटासाठी येतो. घरट्यासाठी पोकळी कोरतो, तिथं पाणी मुरलं तर फांदी कुजतेही. पण आता मीही भिरूड काढतो. भुसा दिसला की कोयत्यानं साल तासायची, तारेचा आकडा घालून अळी ओढायची, रॉकेलचा बोळा कोंबून भोक चिखलानं लिंपायचं. माझी जखम त्याच्यापेक्षा मोठी असते. तरी मला कुणी झाडाचा वैरी म्हणत नाही. का, तर हेतू चांगला! हेतू कसला, आंबे विकायचेत. पोट त्यालाही आहे, मलाही.

यंदा फणसाच्या वाळक्या फांदीत एक जोडी कोरतेय. तिथं ना भुसा, ना अळी. आमचा काही फायदा नाही. थोरला म्हणाला, "आबा, पावसाआधी फांदी उतरवू, पाणी खोडात जाईल." त्याचं खोटं नाही.

मी म्हणालो, "पिल्लं उडू देत. मग कुऱ्हाड मीच आणतो."